आठवड्याचे १६८ तास

दरवर्षी गणपती उठले की माझ्या दवाखान्यात एका ठरावीक वयाचे रुग्ण वाढू लागतात. वय अठरा ते एकोणीस, पाठीवर जड सॅक, हातात कधीकधी ड्रॉइंग शीटची लांब नळकांडी. तक्रारी साध्याच असतात: छातीत जळजळ, सतत डोके दुखणे, डोळे चुरचुरणे, केस गळणे, जेवणावरची वासना उडणे. दवाखान्याच्या परिसरात अभियांत्रिकीची दोन-तीन महाविद्यालये आणि त्यांच्या आधाराने वाढलेली वसतिगृहे, खानावळी व क्लासेस आहेत. त्यामुळे २७ वर्षांच्या व्यवसायात या मुलांची नाडी मला बरीच परिचयाची झाली आहे. तपासण्यापूर्वी मी एकच प्रश्न विचारते, "काल किती वाजता झोपलास?" पुष्कळदा निदान त्या उत्तरातच सापडते.

या पंधरवड्यात ज्याविषयी लिहायचे आहे तो मुलगा मात्र थोडा निराळा होता. तो एकटा आला नव्हता. परभणीहून रात्रीच्या गाडीने निघालेले त्याचे वडील सकाळी सरळ दवाखान्यात पोहोचले होते. ते एस.टी. महामंडळात वाहक आहेत, घर माळकरी. मुलगा आपल्या वाडीतला अभियांत्रिकीला गेलेला पहिलाच. आदल्या रात्री दोन वाजता त्याची छाती धडधडू लागली, हातपाय गार पडले आणि आपल्याला हृदयविकाराचा झटका आला, अशा समजुतीने त्याने घरी दूरध्वनी केला होता. वडील मिळेल त्या गाडीत बसले होते.

मी त्याला तपासले, हृदयालेख काढला, थायरॉईड व रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या. हृदय उत्तम होते. ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. शाकाहारी घरातून येऊन मेसच्या पातळ वरणावर राहणाऱ्या मुलांत ते पुष्कळदा कमीच आढळते. बाकी सारे ठीक. धडधडीचे कारण त्याच्या दिनक्रमात होते. रात्री अकराला तो एक कॅफीनयुक्त पेय घेत असे, त्यावर दोन कप चहा. रक्तातील कॅफीन निम्मे व्हायलाच साधारण पाच तास लागतात. म्हणजे पहाटे चारला त्याच्या शरीरात अकराच्या पेयाचा अर्धा भाग शिल्लक असे आणि सहाला उठायचा गजर लावलेला असे.

"एवढ्या रात्री जागून काय करतोस रे?" मी विचारले.

"क्लासचा अभ्यास," तो म्हणाला. क्षणभर थांबून पुढे म्हणाला, "आणि कॉलेजचा. आणि ऑनलाइन कोर्सचा."

चौकशीअंती कळले ते असे. त्याला चार क्लास होते. एम-वन, म्हणजे पहिल्या सत्राचे गणित, मेकॅनिक्स, प्रोग्रॅमिंग, आणि जर्मन भाषा. पहिले दोन वसतिगृहातील सीनियर मुलांच्या सल्ल्याने, तिसरा स्वतःच्या धास्तीने, चौथा मामांच्या आग्रहाने, कारण मामांच्या ओळखीतला कोणी जर्मनीत नोकरीला लागला होता. त्यावर एनपीटीईएलचा एक बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम त्याने स्वतःच नोंदवला होता, ज्यात दर आठवड्याला गृहपाठ भरून द्यावा लागतो. प्रवेश घेऊन त्याला जेमतेम सात आठवडे झाले होते.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी किती क्लास लावावेत, हा प्रश्न मला पालक अनेकदा विचारतात. हा वैद्यकीय प्रश्न नव्हे, असे मी पूर्वी सांगत असे. आता सांगत नाही.

त्या दिवशी मी औषधाच्या चिठ्ठीची मागची कोरी बाजू वडिलांसमोर ठेवली आणि मुलाच्या हाती पेन दिले. आठवड्याचे तास किती? चोवीस गुणिले सात, १६८. त्याने आकडा लिहिला. वडील रोज तिकिटांचा हिशेब करणारे गृहस्थ; ते खुर्ची पुढे ओढून बसले.

पहिली वजाबाकी झोपेची करायची, असे मी सांगितले. इथेच दोघेही थबकले. झोप ही उरलेल्या वेळात घ्यायची वस्तू आहे, हा समज आपल्या घराघरांत इतका मुरलेला आहे की ती आधी वजा करणे म्हणजे आळसाची कबुली वाटते. अठरा ते पंचवीस वयाला सात ते नऊ तास झोप लागते. शिवाय या वयात शरीराचे घड्याळच पुढे सरकलेले असते. झोप आणणारे मेलॅटोनिन हे द्रव्य त्यांच्या शरीरात मोठ्या माणसांपेक्षा उशिरा स्रवू लागते. रात्री दहाला पडूनही मुलाला झोप येत नाही, यात बेशिस्त थोडी आणि शरीरधर्म अधिक असतो. त्याला पहाटे चारला उठवून अभ्यासाला बसवणारे पालक मला भेटतात, तेव्हा त्यांचा हेतू चांगला असतो एवढेच मी म्हणू शकते. आम्ही आठ तास धरले. आठ साते छपन्न. राहिले ११२.

अंघोळ, जेवणखाण, कपडे धुणे, मेसच्या रांगा, दिवसाला चार तास. अठ्ठावीस गेले. राहिले ८४.

महाविद्यालयाचे वेळापत्रक त्याच्या मोबाइलमध्ये होते. तासिका, प्रात्यक्षिके, मधल्या रिकाम्या वेळा आणि जाणे-येणे मिळून ३८ तास झाले. राहिले ४६. रविवारचे घरी बोलणे, मित्र, थोडे खेळणे, देवळात जाणे, काहीच न करणे, यासाठी मी हट्टाने दहा तास ठेवायला लावले. मुलगा म्हणाला, एवढे नकोत. वडील म्हणाले, "राहू दे, लिही." राहिले ३६.

जर्नल लिहिणे, असाइनमेंट, ड्रॉइंगच्या शीट पुऱ्या करणे यांना बारा तास लागतात, असे त्याने सांगितले. शीट तो स्वतः काढत होता. काचेखाली दिवा लावून दुसऱ्याच्या शीटवरून रेषा उतरवायच्या, ज्याला ही मुले जीटी मारणे म्हणतात, ते त्याला जमत नव्हते किंवा रुचत नव्हते. राहिले २४.

आता क्लास. आठवड्याचे सहा दिवस, रोज संध्याकाळी तीन तास, म्हणजे अठरा; आणि या क्लासमधून त्या क्लासला सिटी बसने जाण्याचे सहा. एकूण २४.

त्याने वजाबाकी केली आणि खाली शून्य लिहिले. कोणीच काही बोलले नाही. ऑनलाइन अभ्यासक्रम अजून हिशेबात यायचा होता. क्लासमध्ये दिलेली गणिते घरी सोडवायची होती. कॉलेजात शिकवलेले पुन्हा वाचायचे होते. या साऱ्याला कागदावर जागाच नव्हती, म्हणून ती त्याने पहिल्या ओळीतून, झोपेतून, काढली होती. तो रात्री चार-साडेचार तास झोपत होता.

हा हिशेब बहुतेक घरांत का होत नाही? मला वाटते, आपल्याकडे अभ्यासाचे माप विषयांच्या किंवा क्लासच्या संख्येत घेतले जाते, तासांत घेतले जात नाही. चार क्लास म्हणजे चौपट तयारी, असे ऐकायला सोपे जाते. अभ्यासक्रमाची अधिकृत भाषासुद्धा या गोंधळात भर घालते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ साली जो आदर्श अभ्यासक्रम प्रसिद्ध केला, त्यात चार वर्षांच्या पदवीसाठी १६० श्रेयांक ठेवले आहेत. त्यात तासभराच्या व्याख्यानाला एक श्रेयांक मिळतो, पण प्रात्यक्षिकाच्या एका तासाला अर्धाच. म्हणून इंजिनिअरिंग ग्राफिक्सचे श्रेयांक दिसतात तीन आणि प्रत्यक्ष तास होतात पाच. त्याच अभ्यासक्रमातले पहिले सत्र कागदावर साडेसतरा श्रेयांकांचे आहे, वर्गात व प्रयोगशाळेत मात्र २२ तास बसावे लागते. विद्यापीठागणिक या आकड्यांत फरक पडतो, पण घरी टेबलाशी बसण्याचे तास या हिशेबात कुठेच येत नाहीत. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने ही उणीव काहीशी भरून काढली. त्यात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचे एकूण शिकणे, स्वयंअध्ययनासह, असे धरले आहे. वीस श्रेयांकांचे सत्र असेल तर सहाशे तास, आणि पंधरा आठवड्यांत विभागले तर आठवड्याला चाळीस. म्हणजे महाविद्यालयाचा अभ्यासक्रम हीच पूर्णवेळ नोकरी आहे. क्लास ही तिच्यावरची दुसरी पाळी.

परदेशी शिकणाऱ्या मराठी मुलांचे पालक हा प्रश्न वेगळ्या रूपात विचारतात, कारण तिथे सत्रात किती विषय घ्यायचे हे विद्यार्थ्यालाच ठरवावे लागते. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर पदवी घेणाऱ्याला सत्रागणिक सर्वसाधारणपणे किमान १२ श्रेयांक घ्यावे लागतात. चार वर्षांत पदवी व्हायची तर सरासरी पंधरा लागतात. आणि हुशार मुलाला वाटते की अठरा घेतले तर फी वाचेल. तिथल्या श्रेयांकाच्या व्याख्येतच वर्गातल्या एका तासामागे वर्गाबाहेरचे किमान दोन तास गृहीत असतात. पंधरा श्रेयांकांचे पंचेचाळीस तास होतात, अठरांचे चौपन्न. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत तर विषयाचे एकक हेच मुळी आठवड्याचे तास असतात. बारा एककांचा विषय म्हणजे व्याख्यान, प्रयोगशाळा आणि घरचा अभ्यास मिळून आठवड्याला सुमारे बारा तास. आणि पहिल्या सत्रात तिथे गुणश्रेणी नोंदवत नाहीत. उत्तीर्ण झाल्याची नोंद होते, अनुत्तीर्ण झाल्याची होत नाही. जगातली निवडक मुले जिथे जातात, तिथेही पहिले सत्र रुळण्यासाठी सोडलेले आहे. आपल्याकडेही तंत्रशिक्षण परिषदेने आरंभी तीन आठवड्यांचा प्रवेशोत्तर परिचय कार्यक्रम सुचवला आहे. त्याच तीन आठवड्यांत क्लासवाल्यांची पत्रके वसतिगृहाच्या दारात पडतात आणि विषय कसा आहे हे कळायच्या आत पूर्ण वर्षाची फी भरली जाते.

माझ्याही घरात असेच घडले. २००९ साली माझी मुलगी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला होती. तिच्या मैत्रिणींनी क्लास लावले म्हणून मी तिला तीन लावले. तिने नको म्हटले होते. मी ऐकले नाही. क्लासच्या नोटा सुबक, प्रत्येक गणित पायरीपायरीने सोडवलेले. ती रोज रात्री त्या नोटा वाचायची आणि सगळे समजते आहे, असे प्रामाणिकपणे सांगायची. मेकॅनिक्सच्या पेपरात तिला एक आकृती थोडी फिरवून विचारली गेली आणि पहिली रेषा कुठून काढायची तेच सुचले नाही. त्या सत्रात तिला दोन केट्या लागल्या. निकालाचे मला फारसे काही वाटत नाही. वाटते ते एवढेच की चार महिन्यांत तिचे वजन पाच किलो उतरले होते, मासिक पाळी दोनदा चुकली होती, आणि दिवसभर इतरांच्या मुली तपासणाऱ्या मला ते दिवाळीत तिच्या मामीने दाखवून दिले.

सोडवलेले गणित वाचताना येणारी समजल्याची भावना फसवी असते. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात मला फार उपयोगी वाटतो. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हापुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून, पुस्तक मिटून, आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत लिहून काढणारे पुढे गेले. क्लासात बसणे हे बहुतांशी पहिल्या प्रकारचे काम आहे. शिक्षक सोडवतो, आपण उतरवतो. दुसऱ्या प्रकारचे काम एकांतात, कोऱ्या कागदासमोर, अडत अडत करावे लागते. आणि त्या मुलाच्या कागदावर त्यासाठी शून्य तास होते. त्यातून जे थोडे शिकले जाते ते पक्के होण्याचे काम झोपेत चालते. दिवसभरात मिळवलेले मेंदू रात्री पुन्हा उजळून दीर्घकालीन स्मृतीत नेतो. म्हणजे झोप कापून लावलेला चौथा क्लास आधीच्या तिन्हींचेही नुकसान करतो.

क्लास वाईटच असतात, असे मी म्हणत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या, बारावीला गणित कसेबसे पार केलेल्या, इंग्रजी पाठ्यपुस्तकाचे पहिले पानच न उलगडणाऱ्या मुलाला चांगला शिक्षक संध्याकाळी तासभर हाताशी धरतो, तेव्हा ते औषधच असते. पण औषधाचे जे नियम, तेच याला लागू आहेत. निदान झाल्यावर द्यावे, कमीत कमी मात्रेने सुरू करावे, आणि काही काळाने गरज उरली आहे का ते पाहावे. पहिले चार आठवडे, किंवा पहिली चाचणी होईपर्यंत, काहीही लावू नये. या काळात प्रत्येक विषयाची दोन-तीन गणिते नोटा न पाहता सोडवून पाहावीत. ज्या विषयात स्वतः प्रयत्न करून, वर्गमित्राला विचारून, कॉलेजच्या सरांच्या केबिनमध्ये जाऊनही सुरुवातच होत नाही, तो एक विषय क्लाससाठी निवडावा. सरांच्या केबिनमध्ये जायला ही मुले का घाबरतात, कोण जाणे. पुष्कळ प्राध्यापकांकडे महिनामहिना एकही विद्यार्थी शंका घेऊन फिरकत नाही. फी भरायचीच तर महिन्याची भरावी. पूर्ण वर्षाची फी एकदम भरली की क्लास सोडण्याचे स्वातंत्र्यही त्यासोबत विकले जाते. ऑनर्स वा मायनर पदवीसाठी लागणारे वाढीव १८ ते २० श्रेयांक बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षानंतरच सुरू होतात, त्याची घाई आत्ता करण्याचे कारण नाही.

हे सारे मी त्या बापलेकांना सांगितले. मग वडिलांनी खिशातून पाकीट काढून त्यातल्या पावत्या टेबलावर ठेवल्या. चार क्लासचे मिळून ४६ हजार रुपये भरलेले होते. "मॅडम, हे पतपेढीतून उचललेत," ते म्हणाले. "सोडला क्लास तर हे पैसे परत देत नाहीत. विचारलं मी."

या वाक्यापुढे शहाणपणाच्या गोष्टी सांगणे अवघड असते. गेलेला पैसा गेला, आता पुढचे पाहा, असे मी म्हणू शकले असते. पण कर्जाचा हप्ता त्यांच्या पगारातून जाणार होता, माझ्या नव्हे. मी एवढेच म्हणाले, "भाऊ, पैसे दोन्हीकडून गेलेच आहेत. आता त्याने तिथे बसायचं की झोपायचं, एवढंच ठरवायचं राहिलंय."

ते बराच वेळ पावत्या चाळत बसले. मग म्हणाले, "आणि केटी लागली तर?"

हा प्रश्न पालकांच्या मनात तळाशी असतो आणि त्याचे उत्तर सरळ द्यावे, असे मला वाटते. लागली तर लागेल. पुढच्या परीक्षेत तो पेपर पुन्हा देता येतो. ठरावीक मर्यादेपर्यंत विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसता येते. पहिल्या सत्रात एखादा विषय राहिलेली असंख्य माणसे आज पूल बांधत आहेत. ती नामुष्की नव्हे, हे घरातून आधीच कळलेले असले की मुलगा निर्धास्त झोपतो. आणि निर्धास्त झोपणाऱ्याला केटी लागण्याची शक्यताही थोडी कमीच.

मी मुलाला म्हटले, "यातला एकच ठेवायचा असेल तर कोणता ठेवशील?" माझ्या मनात उत्तर ठरलेले होते. गणित ठेवावे, प्रोग्रॅमिंग तर सरावाने येते, त्याला क्लास कशाला. मुलाने कागद उलटसुलट केला आणि म्हणाला, "प्रोग्रॅमिंग."

मी कारण विचारले. गणिताचे पुस्तक मला वाचून कळते, तो म्हणाला, बारावीलाही मी एकट्यानेच केले. पण माझ्याकडे लॅपटॉप नाही. कॉलेजची लॅब साडेचारला बंद होते. त्या क्लासमध्ये संगणक आहेत आणि तास संपल्यावरही बसू देतात.

वडिलांनी त्याच्याकडे पाहिले. लॅपटॉप नसल्याचे त्याने घरी सांगितलेच नव्हते. कॉलेजात सगळे मिळते, असे सांगितले होते. त्याला शिक्षक नको होता, यंत्र हवे होते, आणि ते मागायचे नाही म्हणून त्याने क्लास मागितला होता. चिठ्ठीच्या मागे केलेल्या माझ्या नेटक्या हिशेबात ही गोष्ट कुठेच आली नव्हती. म्हणूनच, किती क्लास हा निर्णय सीनियरांनी, मामांनी किंवा माझ्यासारख्या डॉक्टरनेही परस्पर घेऊ नये. कुठे अडते हे फक्त त्या मुलाला ठाऊक असते, आणि ते सांगण्याइतका तो निर्भय आहे का, एवढे घरच्यांनी पाहावे.

तिघांत मग थोडी घासाघीस झाली. मेकॅनिक्स सोडायला वडील तयार नव्हते. सगळे म्हणतात तोच विषय उडवतो. शेवटी प्रोग्रॅमिंग आठवड्याला तीन दिवस आणि मेकॅनिक्स फक्त शनिवारी, शंका विचारण्यापुरते, असे ठरले. गणित आणि जर्मन बंद. मामांना वडीलच सांगणार होते. ऑनलाइन अभ्यासक्रमाची परीक्षा द्यायची नाही, वाटले तर व्याख्याने सुट्टीत ऐकायची. रात्रीचे पेय बंद. चहा दुपारी चारनंतर नाही. ब-१२ च्या गोळ्या मी लिहून दिल्या.

इथे पालकांना एक वेगळी सूचना द्यायची आहे, कारण प्रत्येक थकवा वेळापत्रक बदलून जात नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ मुलगा नीट झोपत नसेल, जेवण टाळत असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतून त्याचे मन उठले असेल, दूरध्वनीवर एकाक्षरी बोलत असेल, किंवा 'मी नसतो तर बरे झाले असते' अशा अर्थाचे काही थट्टेतही म्हणत असेल, तर क्लासचा हिशेब बाजूला ठेवावा आणि त्याच दिवशी त्याच्यापर्यंत पोहोचावे. रागावू नये, समजूत घालण्याचीही घाई करू नये. ऐकावे, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. केंद्र सरकारची टेलिमानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. हा क्रमांक मुलाच्या मोबाइलमध्ये प्रवेशाच्या दिवशीच घालून द्यावा. तो मित्रासाठीही उपयोगी पडू शकतो.

परभणीला परतण्यापूर्वी वडिलांनी तो चिठ्ठीचा कागद घडी घालून खिशात ठेवला. त्याच्या आईला दाखवायचा आहे, म्हणाले. जाताना दारात थांबून त्यांनी विचारले, "मॅडम, वापरलेला लॅपटॉप कितीला मिळतो?" मला ठाऊक नव्हते. माझ्या कंपाउंडरच्या पुतण्याचे दुकान आहे, तिकडे त्यांना पाठवले.

डिसेंबरच्या अखेरीस मुलगा पुन्हा आला, रक्ताची तपासणी करायला. ब-१२ बरेच वर आले होते. वजन दीड किलोने वाढले होते. रात्री साडेअकराला झोपतो, म्हणाला; सबमिशनच्या आठवड्यात मात्र तीन रात्री जागलो. धडधड एकदाच झाली, तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी, तेव्हा तो वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन दहा मिनिटे फिरला. प्रोग्रॅमिंगचा क्लास त्याने दिवाळीनंतर सोडला. जुना लॅपटॉप आठ हजारांना मिळाला आहे, बॅटरी अर्धा तासच टिकते, पण खोलीत प्लग पलंगाजवळ आहे. दुसऱ्या सत्रासाठी क्लासचे विचारले, तर म्हणाला, रसायनशास्त्र कसे आहे ते आधी पाहतो. मेकॅनिक्सचा निकाल अजून लागायचा आहे.